चरणारा घोडा आणि माळावरची विषारी झाडं: सातारा-सांगलीच्या घोडेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाई तालुक्यात आमच्याकडे पाच घोडे आहेत. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ते पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना फिरवतात. पाऊस लागला की खाली गावात येतात, कारण वरच्या पावसात घोड्याला काम नसतं आणि कोरडी जागाही नसते. काही वर्षांपूर्वी आमची चांदणी नावाची घोडी कण्हेरीची पानं खाऊन दगावली. तेव्हापासून मी दिसेल त्या डॉक्टरांना विचारत गेलो, वाचत गेलो, आणि हळूहळू लोक मला विचारायला लागले: टेबल लँडचे घोडेवाले, माण-आटपाडीकडची धनगर मंडळी, सांगलीकडचे शर्यतीचे घोडे पाळणारे, वरातीची घोडी ठेवणारे. नेहमी येणारे प्रश्न इथं एकत्र लिहिले आहेत. आजारी घोड्याला डॉक्टर लागतोच, हे लिखाण त्याच्या जागी वापरू नका.

विषारी झाड कडू असतं. घोडा ते आपणहून टाळत नाही का?

टाळतो, पण पोटाला दुसरं काही असेल तेव्हा. घोड्याचे ओठ फार हुशार असतात. श्रावणात माळावर मारवेल, पवना, हरळी भरपूर असताना तो गाजर गवताच्या झुडपाभोवतीचं गवत बिनचूक खुडून घेतो आणि झुडूप तसंच ठेवतो. हे मी रोज बघतो.

हाच घोडा एप्रिल-मेमध्ये तसा वागत नाही. माळ खरवडून निघालेला असतो, मातीच्या रंगात हिरवं दिसतं ते फक्त न खाण्यासारखं उरलेलं असतं, आणि घोड्याला दिवसाचे बरेच तास तोंड चालवायची सवय असते. अडीचशे-तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते. ती मिळाली नाही तर तो कडूही खातो.

दुसरी वेळ म्हणजे झाड तोडून वाळत पडलेलं असताना. बऱ्याच झाडांचा कडवटपणा सुकल्यावर कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. तिसरी वेळ, नवीन आणलेला घोडा. अकलूजच्या बाजारातून आणलेल्या घोड्याला आपल्या माळावरची झाडं ओळखीची नसतात. भुकेल्या पोटानं तो पहिल्याच दिवशी मोकळा सुटला की दिसेल त्यात तोंड घालतो. लांब दावं लावून एका जागी बांधलेला घोडा हीही त्यातलीच गत. दाव्याच्या घेरातलं गवत संपलं की त्याला निवड उरत नाही.

म्हणून कोणतंही झाड उपटण्याआधी मी पहिल्यांदा सांगतो, घोडा भुकेल्या पोटी माळावर सोडू नका. सकाळी दोन-तीन किलो कडबा किंवा वाळलेलं गवत खाऊन गेलेला घोडा निवडून चरतो.

आमच्या म्हशी आणि शेळ्या त्याच बांधावर चरतात. त्यांना काही होत नाही, मग घोड्याला कसं होईल?

गाय, म्हैस, शेळी रवंथ करतात. त्यांच्या मोठ्या पोटातले जंतू काही विषं आतड्यात जाण्याआधीच मोडून टाकतात. घोड्याच्या पोटात ही सोय नाही. त्याचे जंतू मागच्या आतड्यात असतात, तिथवर जाईपर्यंत विष रक्तात गेलेलं असतं. शिवाय घोड्याला उलटी होत नाही, गिळलेलं परत बाहेर येण्याचा रस्ताच नाही.

याच्या उलटही घडतं. कोवळ्या ज्वारीनं गाय अर्ध्या तासात पडते, घोडा त्या मानानं सहज तग धरतो. एका जनावरावरून दुसऱ्याचा हिशेब लावू नका.

आपल्या भागात घोड्याला सगळ्यात धोकादायक झाड कोणतं?

माझ्या मते कण्हेर. पांढरी, गुलाबी, लाल, सगळ्या सारख्याच. पान, फूल, खोड, मूळ, सगळ्यात हृदयावर घाला घालणारी द्रव्यं असतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत मोठ्या घोड्यासाठी तीस-चाळीस पानं जीवघेणी धरली आहेत. तीस-चाळीस पानं म्हणजे घोड्याचे दोन-तीन घास.

ताज्या कण्हेरीला घोडा सहसा तोंड लावत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. आमच्या चांदणीच्या वेळी असंच झालं. मे महिना होता. एका बंगल्याच्या कुंपणाची कण्हेर छाटून फांद्या भिंतीपलीकडे टाकलेल्या होत्या आणि दोन दिवसांच्या उन्हात पानं चुरचुरीत वाळली होती. आम्ही संध्याकाळी घोडी सिल्व्हर ओकच्या सावलीला लांब दाव्यावर बांधली. ढिगारा मला दिसला होता. वाळलेला पाला आहे एवढंच मनात आलं. पहाटे ती घामानं भिजलेली, कान थंड, पाय गळाल्यासारखे, मध्येच पोटाकडे वळून बघणारी. आम्हाला वाटलं शूळ उठला. शुळाला सगळे चालवतात तसं आम्ही तिला अर्धा तास चालवलं. नऊच्या सुमारास ती कोसळली ती उठली नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा पानांचे तुकडे तसेच होते. तिला चालवायला नको होतं, उभी ठेवायला हवं होतं. हे मला नंतर कळलं आणि त्यासाठीच पुढं सगळ्यांना सांगतो.

कण्हेर कुठं कुठं असते ते बघा. महामार्गाच्या दुभाजकात ती ओळीनं लावलेली असते, कारण तिला पाणी कमी लागतं आणि गुरं खात नाहीत. तिची छाटणी झाली की ढीग कडेला पडतो. धनगरांची बिऱ्हाडं वाहणारी तट्टं त्याच कडेनं चालतात. बंगले, शाळा, मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप इथंही ती असतेच. वरातीची घोडी ठेवणाऱ्यांनी कार्यालयाच्या आवारात घोडी कुंपणाला बांधू नये, एवढं तरी पाळावं.

आणखी एक जागा कुणाच्या डोक्यात येत नाही: देवळाबाहेरचं निर्माल्य. श्रावणी सोमवारी महादेवाला कण्हेरीची फुलं आणि धोतऱ्याची फळं वाहतात, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतात. दुसऱ्या दिवशी ते सगळं ओढ्याकाठी किंवा पाराखाली येतं, सुकलेलं. झेंडूला चटावलेला घोडा त्या ढिगात तोंड घालतो. देवळाच्या माणसांना सांगून निर्माल्य खड्ड्यात टाकायला लावा. आमच्या गावात एकदा सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून खड्डा काढला.

पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तीसुद्धा?

हो. झाड वेगळं, विष त्याच जातीचं. तिच्या टणक बियांत ते सगळ्यात जास्त असतं.

तागाचं हिरवळीचं खत घेतो. त्या रानात घोडा सोडला तर चालेल का?

नको. सांगलीकडच्या ऊस आणि हळदीच्या पट्ट्यात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यात धोकाही मोठा आहे, कारण ताग हे पीक आहे, त्याला कुणी तण समजत नाही.

ताग आणि माळावरचा खुळखुळा एकाच कुळातले. खुळखुळा तुम्ही पाहिलाच असेल, पिवळी फुलं आणि वाळल्यावर आत बिया वाजणाऱ्या फुगीर शेंगा. पोरं पायाला बांधून खेळतात. या कुळातल्या अनेक झाडांत, बियांत तर जास्तच, असं विष असतं की जे यकृत हळूहळू खाऊन टाकतं. तागाच्या बियांनी घोड्यांची फुप्फुसंही निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. घोडा या विषाला शेळी-मेंढीपेक्षा कितीतरी नाजूक असतो.

फसवणूक वेळेची आहे. आज खाल्लं आणि आज आजारी पडला असं होत नाही. आठवडे जातात, कधी महिने. घोडा बारीक होत जातो, जांभया देतो, सुस्त उभा राहतो. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसतो. पांढऱ्या अंगाच्या किंवा पांढऱ्या नाकाच्या घोड्याची कातडी उन्हात भाजल्यासारखी सोलते. शेवटी डोकं भिंतीला टेकून उभा राहतो किंवा एका दिशेनं चालत सुटतो, अडथळा आला तरी थांबत नाही. ऑस्ट्रेलियात किंबर्ली नावाचा भाग आहे, तिथं खुळखुळ्याच्याच एका जातीनं घोडे असे चालत सुटून मेले आणि त्या रोगाला त्या भागाचंच नाव पडलं. आपल्याकडे असा घोडा दिसला की लोक बाहेरचं काही लागलं म्हणतात. लिंबू उतरवण्याआधी यकृताची रक्त तपासणी करून घ्या.

इतक्या पुढं गेलेल्या घोड्याला औषध नाही. म्हणून ताग फुलोऱ्यात आला की, साधारण दीड महिन्यात, तो गाडून टाका. शेंगा धरू देऊ नका. बियाणासाठी राखलेल्या तागाचं भूस चुकूनही घोड्याला घालू नका आणि त्याच खळ्यावर मळलेला हरभरा चंदीत वापरायचा असेल तर आधी चाळा.

घोड्याला पोट साफ व्हायला एरंडेल पाजतात. मग एरंडाचं बी विषारी कसं?

विष तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं. म्हणून नीट काढलेलं एरंडेल वेगळं आणि बी व पेंड वेगळी. एरंडाच्या बियांना घोडा बाकी जनावरांपेक्षा जास्त बळी पडतो, मूठभर बी त्याला पुरतं.

धोका दोन ठिकाणी. एक, पाटाच्या कडेला आणि उकिरड्यावर आपोआप उगवलेला एरंड, ज्याच्या शेंगा फुटून बिया गवतात पडतात. दोन, एरंडीची पेंड. ती खत म्हणून मिळते, पोत्यावर पेंड असं लिहिलेलं असतं आणि घरात नवीन गडी असेल तर तो शेंगदाण्याची समजून तोबऱ्यात घालतो. खताची पोती आणि खाद्याची पोती एका खोलीत ठेवू नका. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोराचा शूळ, पातळ शेण आणि सगळं अंग हलेल इतकी छातीची धडधड सुरू होते.

पोत्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गाईंच्या किंवा कोंबड्यांच्या काही तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते मानवतं, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. बुरशी लागलेला मकाही असाच. त्यातल्या विषानं घोड्याचा मेंदू अक्षरशः विरघळतो. कोंबड्यांना घालू म्हणून बाजूला ठेवलेली काळी-गुलाबी कणसं घोड्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

धोतरा, रुई, गुंज, कळलावी यांचं काय?

चारही विषारी, पण उभी असताना घोडा यांच्या वाटेला क्वचित जातो. धोतरा उकिरड्यावर आणि पडक्या घराभोवती माजतो. हिरवा चारा विळ्यानं कापताना त्याचा पाला मिसळला की कुट्टीत तो ओळखू येत नाही. खाल्लेल्या घोड्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, आतडी थांबतात. रुईचा चीक तोंड भाजतो. गुंजेचा वेल कुंपणावर असतो, लाल-काळ्या बिया चावल्या गेल्या तर घातक. कळलावीची लाल-पिवळी फुलं पावसाळ्यात जावळीच्या आणि वाईच्या डोंगरउतारांवर झुडपांतून डोकावतात. दिसायला फार सुंदर, पण कंदासकट विषारी. चरायच्या जागेत असली तर कंद खणून काढा आणि हात साबणानं धुवा.

गाजर गवतानं घोडा मरतो का?

एका दिवसात नाही. ते इतकं कडू असतं की घोडा ते पोटभर खातच नाही. पण चरताना त्याला सतत नाक लागलं की ओठ, नाकपुड्या, डोळ्यांभोवतीची कातडी लाल होऊन खाज सुटते, तोंडात फोड येतात. खरारा करणाऱ्याच्या हातालाही तेच होतं. मला स्वतःला होतं.

त्याचं खरं नुकसान वेगळं आहे, ते चांगलं गवत मारतं. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे तण आज माणपासून जतपर्यंत प्रत्येक पडीक रानात आहे. ते वाढलं की मारवेल मागं हटतो, मारवेल हटला की घोडा उपाशी आणि उपाशी घोडा बाकीच्या विषाकडे वळतो. पहिल्या पावसानंतर, फुलायच्या आत, माती ओली असताना उपटा. 1980 च्या दशकात मेक्सिकोहून आणून सोडलेले भुंगेरे पावसाळ्यात त्याची पानं खातात. तुमच्या रानात ते दिसले तर त्या तुकड्यावर औषध मारू नका, त्यांना राहू द्या.

घाणेरी, म्हणजे टणटणी, गाई-मेंढ्यांचं यकृत खराब करते. घोड्यात ते कमी दिसतं, तरी चरायच्या जागेत ठेवू नये.

ज्वारीचे कोवळे कोंब खाऊन गुरांना किरळ लागते. घोड्यालाही?

लागू शकते, पण घोड्यात ज्वारीचा दुसरा त्रास जास्त बघायला मिळतो आणि तो कमी लोकांना ठाऊक आहे. कोवळ्या किंवा खुडल्यानंतर परत फुटलेल्या ज्वारीत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. पाण्याचा ताण पडून मग पाऊस झाला की ते वाढतं, म्हणजे खटाव-माणच्या पावसाला अगदी लागू. घोडा अशा ज्वारीवर काही आठवडे चरला तर मणक्याच्या नसा आणि मूत्राशय बिघडतं. मागचे पाय झोकांडतात, वळताना पाय एकमेकांत अडकतात, लघवी थेंबथेंब गळून मांड्या ओल्या राहतात. एकदा नसा गेल्या की पूर्ण बरं होणं अवघड. गाभण घोडीचं शिंगरू आखडलेल्या सांध्यांचं जन्मू शकतं.

नीट पक्व झालेला, वाळलेला कडबा चालतो. आपले घोडे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगले आहेत. खोडव्याच्या फुटव्यावर मात्र घोडा सोडू नका.

संकरित नेपिअर आणि उसाचे वाढे यांच्यावर घोडा ठेवलाय. चारा विषारी नाही ना?

विषारी नाही, पण त्यावरच घोडा ठेवला तर वर्षभरात तो लंगडा होऊ शकतो. कारखाने सुरू झाले की सांगली-साताऱ्यात सगळीकडे वाढे फुकटात किंवा थोडक्यात मिळतात. चार महिने घोड्याच्या पुढ्यात तेच पडतं.

नेपिअर, गिनी, पॅरा, वाढे अशा चाऱ्यात ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईच्या मोठ्या पोटातले जंतू ऑक्झलेट मोडतात, घोड्यात ते घडण्याआधीच कॅल्शियम घ्यायची जागा मागं पडलेली असते. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. घोडा आज या पायानं, उद्या त्या पायानं लंगडतो. नालवाला म्हणतो नाल बरोबर आहे. पाठ आखडते, घास चावताना त्रास होतो आणि शेवटी दोन्ही गालांची हाडं फुगून चेहरा रुंद दिसायला लागतो. वर भर म्हणून गव्हाचा कोंडा घालत असाल तर आगीत तेल, कारण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडं.

उपाय आपल्या रानातच आहे. रोजच्या वैरणीत निम्म्यापेक्षा जास्त वाढे-नेपिअर नको, बाकी कडबा किंवा डोंगरी गवत. जोडीला थोडा लसूणघास, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. कोंडा कमी करून भिजवलेला हरभरा द्या आणि घोड्यासाठीचं खनिज मिश्रण डॉक्टरांना विचारून चालू करा. सुरुवातीलाच लक्षात आलं तर लंगडणं सुटतं. फुगलेलं हाड मात्र पूर्ण बसत नाही.

महाबळेश्वरच्या बाजूला नेचे खूप आहेत. घोडा ते खातो, काही होतं का?

ज्याची पानं मोठी, तिकोनी, कमरेएवढी होतात आणि जे उघड्या उतारावर माजतं, ते नेचं घोड्यातलं ब जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, नासवतं. एक-दोन घासांनी काही होत नाही. महिनाभर रोज पोटात गेलं तर घोडा पाय फाकून उभा राहतो, चालताना लटपटतो, अंग थरथरतं. वेळेत थायामिनची इंजेक्शनं मिळाली तर बहुतेक घोडे सावरतात, विषबाधेत असं सुदैव क्वचित. तबेल्यात बसायला म्हणून वाळलं नेचं पसरू नका. कंटाळलेला घोडा अंथरूणच खातो.

आम्ही मेंढरं घेऊन फिरतो. तट्टू वाटेवर चरतं, त्याला कुठं कुठं बांधू?

तुमची भीमथडी तट्टं काटक आहेत आणि वाट जाणतात, तरीही तळ टाकताना चार गोष्टी बघा. कालव्याच्या आणि तळ्याच्या काठी बेशरम असते, जांभळट कर्ण्यासारखी फुलं आणि पोकळ खोड. शेळ्यांना तिचं व्यसन लागतं, मग त्या दुसरं खात नाहीत आणि मेंदू बिघडून मरतात. तिच्यातलं हे विष घोड्याचाही मेंदू बिघडवतं. रस्त्याच्या दुभाजकाची छाटणी, वस्तीजवळचा उकिरडा आणि नुकतंच औषध मारलेलं रान, इथं तट्टू सोडू नका. तळावर पोचल्यावर ओझं उतरवून पाणी आणि मूठभर कडबा आधी द्या, मग पायखुटी घालून सोडा. दिवसभर चालून भुकेलं तट्टू तळावर पहिल्या तासात सगळ्यात बेफिकीर चरतं.

तणनाशक मारलं की सगळं मरतं. मग घोडा लगेच सोडला तर?

नको. काही तणनाशकांनी तण मरताना त्यात साखर वाढते, चव गोड होते आणि जे झाड घोडा एरवी हुंगूनही बघत नव्हता ते तो आवडीनं खातो. डब्यावर लिहिलेली मुदत पाळा, शिवाय मेलेलं विषारी झाड दिसेनासं होईपर्यंत थांबा.

माळ कसा तपासायचा?

पायी. घोड्यावर बसून नाही, मोटरसायकलवरून तर नाहीच. वर्षातून तीन वेळा तरी: पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, दसऱ्याच्या सुमारास बिया धरतात तेव्हा, आणि मार्चमध्ये गवत संपत येतं तेव्हा. मधला माळ झरझर बघा, वेळ कडांना द्या. बांध, कुंपण, ओढा, पाट, जुनं खळं, उकिरडा, शेजाऱ्याच्या बागेची भिंत. विषारी झाडं बहुतेक कडेलाच असतात. न ओळखलेल्या झाडाचा पान, फूल आणि शेंगेसह फोटो काढून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खंडाळा-वाई-फलटणच्या लोकांना ते जवळ पडतं.

उपटलेलं बांधावर फेकू नका. बांधावर वाळलेलं कण्हेरीचं डहाळं उभ्या कण्हेरीपेक्षा जास्त घातक. खोल खड्ड्यात पुरा. कण्हेर जाळूही नका, तिचा धूर माणसालाही बाधतो.

शेजाऱ्यांशी बोला. बंगलेवाल्यांना, माळ्यांना एवढंच सांगायचं: छाटणी झाली की टाकण्याआधी आम्हाला सांगा, आम्ही स्वतः उचलून नेतो. मी दरवर्षी मेच्या सुरुवातीला टेबल लँडखालच्या गल्ल्यांतून हे सांगत फिरतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

पर्यटक घोड्याला काहीही खायला देतात. अडवावं का?

अडवा. मुलं प्रेमानं रस्त्याकडेची फुलं तोडून देतात, त्यात कण्हेरही येते. खिशात गाजराचे तुकडे ठेवा आणि तेच त्यांच्या हातात द्या.

विषबाधा झाली हे कसं ओळखायचं?

निरोगी घोड्याचं तुम्हाला आधी माहीत हवं. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, ताप 37.5 ते 38.5 सेल्सिअस. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून नाडी मोजायला आजच शिका, घोडा बरा असताना. हिरड्या गुलाबी आणि ओल्या असाव्यात.

नाडी चुकत असेल, मध्येच थांबून परत जोरात येत असेल तर कण्हेर डोक्यात आणा. बाहुल्या मोठ्या आणि पोटातून गुडगुड बंद असेल तर धोतरा. कातडी सोलणं, पिवळेपणा, भटकणं असेल तर यकृत. पण या खुणा एकमेकांत मिसळतात, आणि साधा शूळही असाच दिसतो. निदान डॉक्टरांवर सोडा, तुम्ही नाडी आणि वेळ लिहून ठेवा.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं?

आधी फोन. तालुक्याचा दवाखाना किंवा पशुसंवर्धनाचा 1962 हा विनामूल्य क्रमांक. मग घोड्याला त्या जागेवरून हलवा आणि तोंडातला घास बोटानं काढा, दात सांभाळून. बाकीचे घोडेही तिथून काढा.

कण्हेरीचा संशय असेल तर घोड्याला चालवू नका, पळवू तर मुळीच नका. सावलीत शांत उभं ठेवा. दुखऱ्या हृदयाला चालण्याचा भार सोसत नाही.

नाळीनं किंवा बाटलीनं तेल, ताक, मिठाचं पाणी, काही पाजू नका. अर्धवट शुद्धीतल्या घोड्याच्या ते श्वासनळीत जातं आणि विषातून वाचला तरी फुप्फुसानं जातो. कोळशाची पूड डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात सोडतात, आणि ती जितक्या लवकर जाईल तितका उपयोग. म्हणून फोनवरच सांगा की विषबाधा वाटते, म्हणजे ते तयारीनं येतील. खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून ठेवा, शेणही. कातडी सोलत असेल तर दिवसा अंधाऱ्या सावलीत बांधा, चरायला रात्री सोडा.

वाचलेला घोडा कामाला कधी लावायचा?

कण्हेरीतून उठलेल्या घोड्याच्या हृदयाला इजा राहू शकते. तो दोन दिवसांत खायला लागला म्हणून खोगीर चढवू नका. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितल्याशिवाय स्वार नको, हंगाम बुडाला तरी चालेल. शर्यतीच्या घोड्याला तर हे दुप्पट लागू.

घोडा दगावला तर?

शवविच्छेदन करून घ्या. विमा असेल तर पंचनाम्याशिवाय काही मिळत नाही, आणि विमा नसला तरी बाकीच्या घोड्यांसाठी कारण कळायला हवं. मात्र नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर जनावराला हात लावू नका, उघडू नका. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते, आणि तो रोग माणसाला होतो. डॉक्टरांना तसंच बोलवा, तोवर कुत्री आणि माणसं लांब ठेवा.

विषानं मेलेल्या घोड्याचं पोट ओढ्याकाठी उघडं टाकू नका. चांदणीला आम्ही गावाबाहेरच्या पडीत, जेसीबीनं खोल खड्डा काढून पुरलं. त्या दिवशी संध्याकाळी बंगल्यामागचा तो ढिगाराही आम्ही पोत्यांत भरून आणला आणि त्याच खड्ड्यात टाकला.